भाद्रपदातल्या घाण्याला सिट्रल का घसरतं? गवती चहाच्या तेलाचा माग

आधी लक्षण सांगतो. माघ-फाल्गुनात कापलेल्या गवती चहाच्या तेलाचा रिपोर्ट आला की सिट्रल, म्हणजे तेलाला लिंबाचा वास देणारा मुख्य घटक, ७८ ते ८० टक्के. तेच शेत, तीच भट्टी, जाळ घालणारा माणूसही तोच, आणि भाद्रपदातल्या घाण्याचं (घाणा म्हणजे भट्टीत एका वेळी भरून वाफवलेलं गवत) तेल ६८. पुढच्या वर्षी ७०. त्याच्या पुढच्या वर्षी ६६. खरेदीदाराचा दर ७५ ला बांधलेला, त्याखाली गेलं की टक्क्यामागे कपात. तिन्ही वर्षं मी एकच म्हणायचो, "गवताला पाणी लागलं." आजूबाजूचेही हेच म्हणायचे, त्यामुळे ते खरंच वाटायचं.

चौथ्या वर्षी वही घेऊन बसलो तेव्हा कळलं की मी दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरत होतो. एक उतारा, म्हणजे गवताच्या वजनावर निघणारं तेल. दुसरं त्या तेलातलं सिट्रल. पावसाळ्यात उतारा पडतो, यात वाद नाही. माझ्या भट्टीत एका घाण्याला ४०० किलो गवत बसतं. उन्हाळी कापणीला त्यातून पावणेदोन-दोन किलो तेल निघतं, पावसाळ्यात एक-सव्वा किलोवर समाधान मानावं लागतं. पात फोफावते, पाणी धरते, ऊन कमी मिळतं, आणि वजन वाढतं तेवढं तेल वाढत नाही. पण सव्वा किलो तेल निघालं म्हणून त्या सव्वा किलोच्या आतलं सिट्रल दहा-बारा टक्क्यांनी का पडावं? ऋतूने दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतात, मान्य. बाकीची घसरण मीच करत होतो. ती कुठे कुठे होत होती ते शोधायला एक अख्खा पावसाळा गेला.

रिपोर्ट नीट वाचा

पहिल्या वर्षी मी केलेला गाढवपणा सांगतो. जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, तेलातले घटक वेगळे करून मोजणारी तपासणी. तिच्या रिपोर्टात ओळ दिसली, जिरॅनिअल ४१. मी घाबरून थेट खरेदीदाराला फोन लावला. त्याने शांतपणे सांगितलं, "दादा, तीन ओळी वर नेरल बघा." नेरल २७. सिट्रल म्हणजे या दोघांची बेरीज. दोन्ही रेणूंचं सूत्र एकच, फक्त एका दुहेरी बंधाजवळची मांडणी उलटी, म्हणून यंत्रात दोन वेगळी शिखरं येतात. काही रिपोर्टांत त्यांना सिट्रल-ए आणि सिट्रल-बी म्हणतात. बेरीज करा आणि मगच घाबरा. (माझी बेरीजही ६८ च होती, ते सोडा.)

दुसरं, पद्धत विचारा. जुन्या रासायनिक पद्धतीत तेलातली सगळी अल्डिहाइडं मिळून मोजली जातात, त्यात सिट्रोनेलालसारखे भाऊबंदही आले. जीसी प्रत्येकाला वेगळं काढते. त्यामुळे एकाच बाटलीचा आकडा दोन पद्धतींत दोन-चार टक्क्यांनी वेगळा आला तर कुणी फसवलं असं समजू नका. तुलना करायची तर एकच प्रयोगशाळा, एकच पद्धत.

तिसरं, नमुना. कॅन आठवडाभर स्थिर उभा असेल तर तळाशी पाणी आणि गाळ असतो. हलवून, थोडं स्थिरावू देऊन, मधल्या थरातून घ्या. घरातल्या कफ सिरपच्या धुतलेल्या बाटलीत नमुना पाठवणाऱ्यांना काय म्हणावं? मीही एकदा पाठवलाय.

आता खरा उपयोगाचा भाग. सगळे सिट्रलची ओळ वाचतात आणि कागद घडी करून ठेवतात. आजार कुठला ते बाकीच्या ओळींत लिहिलेलं असतं. सिट्रल कमी झालं तर त्याची जागा कशाने घेतली, हे बघायचं.

जिरॅनिल अ‍ॅसिटेट आणि जिरॅनिऑल वाढलेलं दिसलं तर कापणी कोवळी झाली. पात वाढत असताना झाड आधी जिरॅनिल अ‍ॅसिटेट साठवतं, त्याचं पुढे जिरॅनिऑल होतं आणि जिरॅनिऑलचं ऑक्सिडेशन होऊन सिट्रल. ही साखळी पुरी व्हायच्या आत विळा लागला तर ती अर्ध्यावरच बाटलीत उतरते. मिथाइल हेप्टेनोन वाढलं, तर तयार झालेलं सिट्रल नंतर मोडलंय, म्हणजे भट्टीत किंवा साठवणीत घोळ. पॅरा-सायमीन आणि त्याच्या जातीची शिखरं वर आली तर तेल आम्ल आणि काळ या दोघांच्या तावडीत सापडलंय. जिरॅनिक आम्ल दिसलं तर हवा लागली. थॅलेट नावाचं काही दिसलं तर प्लास्टिककडे बघा, नाहीतर मध्ये कुणी भेसळ केली का ते बघा. आणि मायरसीन, म्हणजे तेलातला आणखी एक घटक, वाढलं असेल तर साठवण, भट्टी सगळं सोडा आणि शेतात जा.

माझ्या तिसऱ्या वर्षीच्या रिपोर्टात मिथाइल हेप्टेनोन वाढलेलं होतं आणि मायरसीन ६ टक्के होतं. दोन्ही ओळी मी तीन वेळा वाचल्या होत्या. अर्थ लागायला वर्ष लागलं.

कॅनमध्ये काय होतं

पावसाळ्यात माझं तेल थोडं थोडं निघतं. खरेदीदार पन्नास किलोशिवाय गाडी पाठवत नाही. म्हणून श्रावणातलं तेल भाद्रपद संपेपर्यंत पडून राहायचं, अर्ध्या भरलेल्या पांढऱ्या प्लास्टिक कॅनमध्ये, पत्र्याच्या शेडच्या दाराशी. तळाला दोन बोटं पाणी. दर नव्या घाण्याला झाकण उघडायचं, वरून ओतायचं. उन्हाळ्यात असं होत नाही, कारण तेल भराभर निघतं आणि आठवड्यात जातं. म्हणजे ऋतूचा दोष म्हणून जे दिसत होतं त्यातला बराचसा भाग मुक्कामाचा होता.

सिट्रल हे भांडकुदळ अल्डिहाइड. हवेशी भांडतं तर जिरॅनिक आम्ल होतं, उजेडाने रचना बदलून फोटोसिट्रल होतं, आणि आम्लपाण्यात स्वतःशीच वळसा घेऊन कडं करतं, जे पुढे पॅरा-सायमीनपर्यंत जातं. माझ्या कॅनमध्ये हवा, उजेड आणि पाणी तिघं एकत्र नांदत होते.

पटत नसेल तर करून बघा. एकाच घाण्याचं तेल घेऊन एक गडद तपकिरी काचेची बाटली गळ्यापर्यंत भरा, दुसरी पांढरी बाटली अर्धी भरा आणि तिच्यात चमचाभर भट्टीचं पाणी टाका. पहिली कपाटात, दुसरी खिडकीत. माझ्या या प्रयोगात ४० दिवसांनी पहिलीत ७३ आणि दुसरीत ६८ निघाले. आकडा नको असेल तर नुसता वास घ्या. पहिलीत लिंबाची साल नखाने खरवडल्यासारखा वास होता. दुसरीत तीच साल दोन दिवस चुलीमागे पडून वाळल्यासारखा. रंगही पिवळ्याचा तांबूस झालेला.

दुरुस्ती सोपी आणि स्वस्त आहे. सेपरेटरमधून (तेल आणि पाणी वेगळं करणारं भांडं) काढलेलं तेल रात्रभर स्थिर ठेवायचं, खालचं पाणी काढायचं, मग उरलेलं पाणी शोषणारं निर्जल सोडियम सल्फेट टाकून हलवायचं. तेल धुक्यासारखं दिसत असेल तर ते काचेसारखं होईपर्यंत थोडं थोडं टाकत राहायचं आणि मग गाळायचं. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा कॅन, तोंडापर्यंत भरलेला, सावलीत. मोठ्या रिकाम्या कॅनपेक्षा पाच-पाच लिटरचे भरलेले चार बरे. गंजलेल्या लोखंडाचा संबंध कुठेच नको, तोटीतसुद्धा. वेगवेगळ्या घाण्यांचं तेल गाडी येईल त्या दिवशीच एकत्र करायचं.

भट्टी आणि ढीग

इथे मला फार काही सापडलं नाही, पण ज्यांची भट्टी थेट जाळावर आहे त्यांनी थांबून बघावं. जाळीखालचं पाणी आटलं की खालचं गवत तव्यावरच्या भाकरीसारखं लागतं. तो करपट वास तेलातून पुढे कशानेच जात नाही. बॉयलरची वेगळी वाफ असेल तर हा प्रश्न येत नाही.

पावसाळ्यात सरपण ओलं असतं, वाफ ढिली येते, आणि रात्र झाली की आपण घाणा लवकर उतरवतो. पण तेलातले सगळे घटक पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकाच प्रमाणात येत नाहीत. अर्ध्यावर सोडलेला घाणा म्हणजे नुसतं कमी तेल नव्हे, वेगळं तेल. वाळ्याची भट्टी लावणाऱ्यांना हे पाठ असतं: जड घटक उशिरा येतात, म्हणून घाणा अठरा-वीस तास चालतो आणि आठ तासांत उतरवलेल्या वाळ्याच्या तेलाला खोली नसते. गवती चहाला अडीच-तीन तास पुरतात, पण ते दर वेळी तेवढेच हवेत आणि वाफेचा जोरही तोच हवा. मी भट्टीवर एक घड्याळ टांगलंय.

कापलेल्या गवताचा ढीग ही मात्र पावसाळ्याची खास चूक. उन्हाळ्यात कापलेलं गवत सावलीत एक दिवस सुकवलं तर फायदाच होतो, पाणी जातं आणि घाण्यात जास्त गवत बसतं. (थेट उन्हात नाही, तिथे तेलच उडतं.) पावसाळ्यात तीच सवय ठेवून ओलं गवत रात्रभर ढिगात टाकलं आणि सकाळी हात घातला तर आतून शेणखताच्या उकिरड्यासारखं गरम लागलं. ते गवत आंबायला लागलेलं असतं. ओलं असेल तर त्याच दिवशी घाण्यात घाला, नाहीतर छपराखाली पातळ पसरा.

कापणीच्या दिवसांबद्दल थोडक्यात: आधीच्या कापणीपासून ६० ते ७५ दिवस. चिखलामुळे शंभर दिवस झाले की बुडाची पात वाळते, ती घाण्यात जागा अडवते आणि तेल देत नाही. आणि गाडी यायची आहे म्हणून ४० व्या दिवशी विळा लावला, तर वर सांगितलेल्या जिरॅनिल अ‍ॅसिटेटची ओळ बघायला तयार राहा.

मायरसीनचा माग

एवढं सगळं करूनही हिशोब जुळेना. ताज्या, स्वच्छ, गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीतलं तेल ७३ च येत होतं. आणि ते ६ टक्के मायरसीन तसंच बसलेलं.

माझे गवताचे दोन तुकडे आहेत. ओढ्याकडचा दीड एकर काळा, आणि वरचा अर्धा एकर मुरमाड. एकच वाण, सीमॅपचं (औषधी-सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संशोधन संस्था) कृष्णा, ठोंबांनी, म्हणजे मुळांसकट फोडलेल्या फुटव्यांनी लावलेलं. ठोंबांनी लावण्याचा फायदा असा की प्रत्येक ठोंब आईच्या झाडाची तंतोतंत नक्कल असतो, रसायनासकट. बियांपासून केलं तर प्रत्येक रोपाचं तेल आपापल्या मर्जीचं. तेव्हा वाणावर माझा संशय जाणंच शक्य नव्हतं.

तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे एक सर आहेत. त्यांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, भट्टी बाजूला ठेवा, साठवण बाजूला ठेवा, दोन्ही तुकड्यांची पात एकाच दिवशी माझ्याकडे आणा. चिखल तुडवत खालच्या तुकड्यातून मूठभर आणि वरच्यातून मूठभर अशी पात घेऊन गेलो. त्यांच्याकडे क्लेव्हेंजर नावाचं काचेचं उपकरण आहे, आपल्या भट्टीचं पिल्लूच. गोल फ्लास्कमध्ये २०० ग्रॅम कापलेली पात आणि पाणी, खाली हीटर, वर थंड पाण्याची नळी, बाजूला खुणा केलेली बारीक नळी. तीन तासांत त्या नळीत पाण्यावर तेलाची पिवळी काठी उभी राहते, एक मिलिलिटरच्या आतबाहेर. दोन फ्लास्क शेजारी शेजारी चालले. खालच्या तुकड्याच्या पातीचं सिट्रल ७८ आणि मायरसीन नावापुरतं. वरच्याचं ७३ आणि मायरसीन ६.

म्हणजे झाडातच फरक. सरांनी एकच प्रश्न विचारला, "वर नांग्या कशाने भरल्या?"

नांग्या, म्हणजे ठोंब मरून पडलेल्या रिकाम्या जागा! मुरमाड जमीन, उन्हाळ्यात दरवर्षी वरच्या तुकड्यातले ठोंब मरतात. मृगाच्या आसपास मी नांग्या भरतो. पहिल्या वर्षी कृष्णाचे ठोंब कमी पडले तेव्हा अंगणातले, आजीच्या वेळचे ठोंब फोडून लावले. तेही गवती चहाच. वासही लिंबाचाच. तीन वर्षांत मिळून वरच्या तुकड्यातला साधारण तिसरा हिस्सा अंगणातल्या ठोंबांचा झाला होता.

भारतातल्या तेलासाठी लावतात ती मुख्यतः सिम्बोपोगॉन फ्लेक्सुओसस, केरळातून पसरलेली. ओडक्कालीच्या संशोधन केंद्राचं सुगंधी हे वाण त्यातलंच. अंगणात चहासाठी असते ती बहुतेक वेळा सिम्बोपोगॉन सिट्रॅटस. तिच्या तेलातही सिट्रल भरपूर, पण सोबत मायरसीन चांगलं दहा-वीस टक्के असू शकतं. शेजारी शेजारी उभं करून पाहिलं तर आता मला लांबूनही ओळखू येतात: अंगणातल्याचा दांडा बुडाशी पांढरट, फुगीर, पात रुंद, आणि आमच्याकडे तरी ते कधी फुललेलं पाहिलं नाही. शेतातलं दिवाळीनंतर तुरे काढतं.

मग भाद्रपदातच का दिसायचं? कारण भाद्रपदात ओढ्याकडच्या काळ्या तुकड्यात पाय घालता येत नाही. वाफसा असतो तो फक्त वरच्या मुरमाडात, म्हणून त्या महिन्याचं तेल निव्वळ वरच्या तुकड्याचं. माघात दोन्हीकडचं गवत एकत्र घाण्यात जातं आणि दीड एकर चांगलं अर्ध्या एकराचा दोष झाकून घेतं. नंतर वही पाहिली तर माघातला आकडाही ८०, ७९, ७८ असा दरवर्षी एकेकाने उतरत होता. नांग्या वाढत होत्या तसा.

तुमच्या तालुक्यात क्लेव्हेंजर नसेल तर एक जुनी, साधी परीक्षा आहे. ७० टक्के तीव्रतेचं शुद्ध एथिल अल्कोहोल घ्या. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन वगैरे असतं. परीक्षानळीत १ मिलिलिटर ताजं, पाणी काढलेलं तेल घेऊन त्यात अल्कोहोल थोडं थोडं घालत हलवत जा. फ्लेक्सुओससचं ताजं तेल तीन मिलिलिटरच्या आसपास स्वच्छ विरघळतं. सिट्रॅटसचं तेल ताकाच्या निवळीसारखं गढूळच राहतं, कारण मायरसीनच्या साखळ्या जुळत जातात आणि त्या अल्कोहोलात विरघळत नाहीत. तेल जुनं असेल तर फ्लेक्सुओससचंही गढूळ होतं, म्हणून ही परीक्षा घाण्यानंतर दोन-तीन दिवसांतच घ्यायची. माझ्या वरच्या तुकड्याचं तेल ना धड स्वच्छ ना धड गढूळ, उजेडासमोर धरलं की निळसर धुकं.

नाशिककडचा एक पाहुणा द्राक्षबागेतला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे द्रवात प्रकाश किती वळतो ते मोजणारं उपकरण, घेऊन आला होता, याने बघू म्हणाला. तो साखरेचा, त्याची पट्टी १.३८ च्या आसपास संपते आणि आपलं तेल १.४८ च्या पुढे. पट्टी नुसती कोरी दिसते. त्यासाठी प्रयोगशाळेतला अ‍ॅबे रिफ्रॅक्टोमीटरच लागतो.

रोशावाल्यांसाठी दोन शब्द

आमच्या खानदेशात हा धंदा गवती चहाने नव्हे, रोशा गवताने (पामारोझा) सुरू झाला. इथलं रोशेल, म्हणजे रोशाचं तेल, मुंबईमार्गे तुर्कस्तानात जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं, म्हणून युरोपच्या बाजारात त्याला तुर्की जिरॅनियम तेल म्हणत. रोशाचा आजार थोडा वेगळा. त्यात जिरॅनिऑल हवं असतं, आणि ते कमी येऊन जिरॅनिल अ‍ॅसिटेट जास्त आलं तर तुम्ही तुरा पोटरीत असतानाच कापलंय. तुरा उमलून दाणा धरेपर्यंत झाड स्वतःच अ‍ॅसिटेटचं जिरॅनिऑल करत जातं, तेवढा दम धरा. आणि तेलाला गुलाबाऐवजी सुंठेचा वास येत असेल तर मोतियात सोफिया मिसळलाय. दोन्ही एकाच जातीचे प्रकार, दिसायला जुळे. मोतिया कोरड्या उघड्या उतारावर आणि सोफिया खोलगट ओलाव्यात, अशी त्यांची आवड आहे, तेव्हा रानातून गवत आणणाऱ्याला कुठून कापलं ते विचारा.

शेवटी काय केलं

गेल्या मृगात वरच्या तुकड्यातले अंगणातले ठोंब खणून काढले आणि खालच्या तुकड्यातलेच फोडून लावले. घाण्याची तारीख, तुकडा, आधीच्या कापणीपासूनचे दिवस, वाफेची वेळ, एवढं कॅनवर चिकटपट्टी लावून लिहितो. या भाद्रपदातलं तेल ७७ आलं, मायरसीन एकच्या आत. उतारा तेवढाच राहिला, चारशे किलोला सव्वा किलो. तो पावसाचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

खणलेल्यातले चार ठोंब आईने परत विहिरीजवळ लावून घेतले. कृष्णाच्या पातीचा चहा तिला घशात टोचतो म्हणे.